आधीच भाजून ठेवलेली सकाळ

सकाळची घाई आहे ना? डबा, बस, शाळेची रिक्षा. अशा वेळी आठवतं ते सातूचं पीठ.

त्याला लागतं तरी काय? दोन वाट्या गहू, एक वाटी डाळं, थोडं जिरं, सुंठ, वेलदोडा. गव्हाला पाण्याचा हात लावून तासभर झाकून ठेवायचं, मग मंद आचेवर भाजायचं. दाणे तडतडू लागले, खमंग वास शेजारी पोचला की समजावं, जमलं. डाळं नुसतं गरम करायचं. गिरणीत मात्र बजावायचं, "दादा, गव्हावरच दळा हं!" आणि घरी आल्यावर पीठ चाळायचं नाही. कोंड्यातच तर तंतू असतात, पोट भरल्याचं समाधान असतं.

सकाळी वाटीभर दुधात किंवा पाण्यात गूळ विरघळवायचा, दोन-तीन चमचे पीठ कालवायचं. झाली न्याहारी! गॅस पेटवायला नको, रंगीत खोक्याचे पैसे मोजायला नकोत.

गंमत पाहा. दोन मिनिटांत तयार झालेल्या या वाटीमागे कुणाची तरी एक निवांत दुपार असते. कढईपाशी बसून, हात न थांबवता, दाणे करपू न देता काढलेली. आयत्या वेळी सोपं वाटणारं बरंचसं असं आधीच कुणीतरी भाजून ठेवलेलं असतं.

आज वाटी हातात घेताना त्या हातांची आठवण ठेवू या. आणि जमलंच, तर येत्या रविवारी कढई आपणच चढवू या.