दूरदेशीचे अध्ययन

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८८५ साली काढलेल्या एका छायाचित्रात तीन तरुणी आहेत: आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि तेव्हा ऑटोमन साम्राज्यात असलेल्या दमास्कसच्या साबात इस्लाम्बूली. तिघींनी आपापल्या देशाचा पोशाख केला आहे, तिघींच्या मुद्रेवर त्या काळच्या कॅमेऱ्याला लागणारे गांभीर्य आहे, आणि एकमेकींशी बोलायला त्यांच्यापाशी जी भाषा होती ती तिघींपैकी कुणाच्याच आईची नव्हती. हे चित्र पाहताना मला आधी तीन देश दिसतात आणि मग, जरा वेळाने, तीन विद्यार्थिनी. हा माझ्या नजरेचा दोष म्हणता येईल. पण परदेशी शिकायला गेलेल्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांत जे जाणवते तेही बहुधा असेच असते. घरी जी कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी पत्नी, ती समुद्र ओलांडताच एकदम हिंदुस्थान होते. तिच्या ताटावरून, कुंकवावरून, तिने दाराशी पादत्राणे काढण्यावरून लोक एका अफाट भूखंडाविषयी मत ठरवू लागतात. वीस वर्षांच्या खांद्यांना हा भार जड आहे. तो पेलत असतानाच शरीरशास्त्राची परीक्षा द्यायची असते, हे त्या चित्रात कुठेच दिसत नाही.

घरात असताना आपण कुणाला काही समजावून सांगत नाही. संक्रांतीला तीळगूळ का, सुतकात देवपूजा का नाही, आडनावावरून माणसे गप्प का होतात, हे सारे हवेसारखे सभोवती असते आणि हवेविषयी कुणी प्रश्न विचारत नाही. परक्या गावात जेवणाच्या मेजावर कुणीतरी सहज विचारते, आणि आपल्यापाशी उत्तर नाही हे ध्यानात येते. त्या क्षणी अध्ययनाला खरा आरंभ होतो असे मला वाटते. मग प्रवेशपत्रावर विषय स्थापत्याचा असो की सांख्यिकीचा. आनंदीबाई पाश्चात्त्य वैद्यक शिकायला गेल्या आणि पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला गेले आणि तिथे बसून त्यांनी भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीचा अभ्यास मांडला. १९२४ साली तो ग्रंथरूपाने आला. आणि ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसताना जी गोष्ट कातडीवर सोसली होती, ती आता हडसन नदीकाठच्या त्या शहरात, परक्या श्रोत्यांपुढे, एक तपासण्याजोगी वस्तू म्हणून मेजावर ठेवली गेली. सोसणे आणि पाहणे यांच्यामध्ये अंतर लागते. ते अंतर काही जणांना वयाने मिळते, काहींना वैराग्याने, आणि काहींना ते सागरी मैलांनी मोजून घ्यावे लागते.

तरी एक शंका मनातून जात नाही. पूर्वेकडच्या विद्यार्थ्याने पूर्वेविषयीच बोलावे, हे त्याचे स्वातंत्र्य असते की त्याच्यासाठी राखून ठेवलेली खुर्ची? तुम्ही तिथले, तेव्हा तिथले सांगा, असा एक सौजन्यपूर्ण आग्रह पाश्चात्त्य विद्यापीठांच्या भिंतींत मुरलेला असतो, आणि आजही तो पुरता ओसरला आहे असे म्हणवत नाही. इरावती कर्वे यांची गोष्ट म्हणूनच मला फार मोलाची वाटते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या, ओइगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवट्यांच्या दोन बाजूंमधली विषमता मोजली, आणि या विषमतेचा वंशाशी संबंध असावा ही गुरूंची कल्पना मोजमापांत टिकत नाही, असे निष्कर्षात लिहिले. ज्या संस्थेत हे घडले तिचा पुढचा इतिहास काळाकुट्ट आहे. परकी भाषा, परका हिवाळा, परका गुरू आणि हातात परक्या माणसांच्या कवट्या. अशा ठिकाणी एका मराठी बाईने स्वतःच्या देशाविषयी अवाक्षर न काढता जे दिसले ते सांगितले. पाहुण्याने यजमानाला त्याच्याच घराबद्दल काही दाखवून द्यावे, हे विद्यापीठाखेरीज फार थोड्या ठिकाणी शक्य असते. यजमानाने ते ऐकावेच, असे मात्र नाही.

आपल्या परंपरेत विद्येसाठी घर सोडणे नवे नव्हते. पैठणला, काशीला, पुढे पुण्याला मुले जात, माधुकरी मागत, वार लावून जेवत. सोमवारी एका घरी तर मंगळवारी दुसऱ्या. मुंजीनंतरच्या सोडमुंजीत तर या प्रस्थानाचे नाटकच आहे: बटू काशीला निघतो, आणि मामा त्याला आपली मुलगी देऊ करून अर्ध्या वाटेवरून माघारी आणतो. समाजाने विद्यार्थ्याच्या निघण्याला मान दिला आणि त्याच विधीत त्याला थांबवण्याची सोयही करून ठेवली, यातली चतुराई मला नेहमी गमतीची वाटत आली आहे. पण गंमत तिथेच संपते. ज्यांच्यासाठी हे नाटकही नव्हते, ज्यांना काशीची लुटुपुटीची वाटसुद्धा कुणी दाखवली नव्हती, त्यांचे काय? स्त्रीला मुंज नव्हती, अस्पृश्याला पाठशाळेची पायरी नव्हती. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क गाठले ते नेमके यांनी. परदेश हा शब्द आपण किती सहज उच्चारतो. पण ज्याला गावातल्या पाणवठ्यावर मज्जाव आहे त्याच्यासाठी परका देश नेमका कुठे सुरू होतो?

आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने आठवणींचे जे छोटे टिपण लिहून ठेवले, त्यात याचे उत्तर आहे आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे ते सांगतात. १९१७ साली बडोद्याच्या स्थानकावर उतरल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो राहायचे कुठे हा. ज्या संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते शिकले त्याच्याच राजधानीत त्यांना खोली मिळेना. पारशी विश्रामगृहात खोट्या नावाने काढलेले दिवस काठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपवले. आज डब्लिनमध्ये किंवा म्युनिकमध्ये खोली शोधताना मेटाकुटीला आलेली मुले मला ठाऊक आहेत, त्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत. तरीही हे टिपण वाचल्यापासून, बेघर होण्यासाठी परदेशातच असावे लागते हा माझा समज उरलेला नाही.

या साऱ्या अध्ययनाचा काळ उसना असतो. इथल्या महाविद्यालयात वर्ष वाया गेले तर घरचे रागावतात. तिथे वर्ष वाया जाऊच शकत नाही, कारण ते मुळात आपले नसते. ते महाराजांचे असते, संस्थेचे असते, बँकेचे असते, व्हिसावरच्या तारखेचे असते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून आंबेडकरांना परतावे लागले, तेही चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची विद्यापीठाकडून मुभा घेऊन. १९२० साली शाहू महाराजांचे साहाय्य आणि मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातल्या पगारातून साठवलेले पैसे यांवर ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने डी.एस्सी. झाले. आजच्या मुलाच्या अंगावर लोन असते, वडिलांनी फ्लॅट तारण ठेवलेला असतो, सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा अधिक काम करायचे नाही हा ब्रिटन-अमेरिकेतला नियम त्याला तोंडपाठ असतो, आणि कॉफीच्या प्रत्येक पेल्याचे रुपये करून पाहण्याची सवय पहिला हिवाळा संपेपर्यंत सुटत नाही. उसन्या काळात माणूस अधिक वाचतो हे खरे. पण विद्येला जो रिकामपणा हवा, खिडकीबाहेर उगाच पाहत बसण्याचा जो अवकाश हवा, तो या हिशेबात कुठे मांडायचा हे मला अजून उमगलेले नाही.

घड्याळाचे आणखी एक कोडे आहे. एडिंबरासारख्या उत्तरेकडच्या शहरात डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. संध्याकाळी सात वाजता ग्रंथालयातून बाहेर पडावे तेव्हा महाराष्ट्रात मध्यरात्र उलटून साडेबारा झालेले असतात; म्हणजे घर उद्यात जाऊन पोचलेले असते आणि आपण अजून काल जगत असतो. मनाचा हिशेब मात्र उलटा. निघालो त्या दिवशी जिथे होते तिथेच घर थांबले आहे, कोपऱ्यावरचा किराणावाला तोच, आजीचे गुडघे तेवढेच दुखत आहेत, अशी मनाची खात्री असते. घड्याळ म्हणते घर पुढे आहे, स्मृती म्हणते मागे आहे. या दोहोंच्या मधल्या फटीत, पुढे कधीतरी विमानतळावर घ्यायला आलेल्या वडिलांचे केस पाहून मुलगी क्षणभर बोलायची थांबते.

आणि घरचे? त्यांच्या परीक्षेची गुणपत्रिका कुणी दिलेली नाही. धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या ओढीने गोव्यातले साखवाळ सोडून निघाले ते पुणे, काशी, नेपाळ करीत १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकायला पोचले. पुढे ब्रह्मदेश, पुढे हार्वर्ड, 'विशुद्धिमार्गा'चे संपादन. हार्वर्डच्या ग्रंथमालेत तो ग्रंथ निघाला १९५० मध्ये, धर्मानंदांच्या मृत्यूनंतर. या प्रवासाची कहाणी 'निवेदन' मध्ये आहे आणि ती थोर आहे. पण मागे राहिलेली तरुण पत्नी आणि तान्ही मुलगी यांची कहाणी तितक्या पानांची नाही. रमाबाई आंबेडकरांनी मुंबईत ती वर्षे कोणत्या ओढगस्तीत काढली हे आपण ऐकून आहोत. ज्ञानाच्या इतिहासात तळटीपा पुष्कळ असतात, त्यांत स्वयंपाकघराला जागा सहसा मिळत नाही.

मला या विषयात सर्वात जवळचा वाटणारा विद्यार्थी मात्र आपल्याकडून गेलेला नाही. तो आपल्याकडे आला. सातव्या शतकात चीनमधून निघालेला ह्युएन त्संग नालंदेत वृद्ध शीलभद्रांपाशी वर्षानुवर्षे शिकला, मधल्या भ्रमंतीत चालुक्य राजा पुलकेशीच्या महाराष्ट्रातही आला, आणि इथली माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत व अपमानही विसरत नाहीत, असे लिहून गेला. आपले इतके जुने चित्र एका परदेशी विद्यार्थ्याच्या हातचे आहे, ही गोष्ट मला आवडते. त्याने परत जाऊ नये म्हणून नालंदेचे भिक्षू त्याला विनवीत होते. शीलभद्रांनी जाण्यास अनुमती दिली. वाटेत सिंधू ओलांडताना नाव हेलकावली आणि काही पोथ्या व फुलझाडांचे बियाणे पाण्यात गेले. १९१७ साली आंबेडकरांची वेगळ्या जहाजाने पाठवलेली पुस्तके टॉर्पेडोने समुद्रात बुडवली, हे वाचले की मला हटकून ती सिंधूवरची नाव आठवते.

ह्युएन त्संग मायदेशी परतल्यावर काही वर्षांनी हिंदुस्थानातल्या परिचित भिक्षूंचे पत्र चीनमध्ये त्याच्यापर्यंत पोचले. तोवर तो स्वतः आचार्य झाला होता, सम्राटाच्या आश्रयाने भाषांतराचे प्रचंड काम त्याच्या हाताखाली चालले होते. त्याने उत्तर लिहिले. शीलभद्र गेल्याचे कळले होते, त्याचे दुःख त्यात आहे, भाषांतरे कुठवर आली याचा तपशील आहे. आणि मग सिंधूत हरवलेल्या पोथ्यांची यादी जोडून, कुणी इकडे येणारा मिळाला तर त्यांच्या प्रती पाठवाव्यात, अशी विनंती.