उंबरावरून उतरताना

मननासाठी वाचन : लूक 19:1-10

उतारा सावकाश वाचा आणि पवित्र शास्त्र मिटून मांडीवर ठेवा. श्वासाला त्याच्या गतीने येऊ-जाऊ द्या.

आता यरीहोचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. धूळ, रेटारेटी, आणि उंबराच्या फांदीवर चढून बसलेला एक ठेंगणा, श्रीमंत माणूस. जक्कय. रोमी सत्तेसाठी कर गोळा करणाऱ्यांचा मुख्य. सगळ्या गावाच्या डोळ्यांत सलणारा. पानांच्या आडून त्याला रस्ता दिसतो.

क्षणभर त्या फांदीवर तुम्ही बसा. कोण समोरून आले की तुम्ही वाट बदलता? कोणाचा फोन उचलायला हात धजत नाही? एकच चेहरा आठवा आणि त्याच्यापाशी थांबा.

येशू झाडाखाली येतो, वर पाहतो, नावाने हाक मारतो. लवकर खाली ये, म्हणतो. आज उतरायचे आहे ते तुझ्याच घरी. लोक कुरकुरतात. पण येशूने हिशेबाची वही मागितलेली नाही. इथे घाई करू नका, घटनांचा क्रम पाहा. आधी हाक, मग घरात स्वागत. जक्कय उभा राहून बोलतो तो त्यानंतर : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट.

आपल्या मनात हा क्रम उलटा बसलेला असतो. आधी आपण फेडायचे, मग देव जवळ घेणार. ज्याची चूक त्यानेच प्रायश्चित्त घ्यायचे, हा या शब्दाचा आपल्या कानाला सवयीचा अर्थ. ख्रिस्ती श्रद्धा मात्र सांगते की हे प्रायश्चित्त ख्रिस्ताने वधस्तंभावर केले. हे वाक्य मनात दोनदा म्हणा. देवाच्या दारी तुम्ही आज फेडणारे म्हणून आलेला नाहीत, हाक ऐकून आला आहात.

मग माणसांचे देणे? ते आपल्याच हातांनी परत करायचे. लेवीय ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात नियम आहे : फसवून घेतलेले पूर्ण परत द्यावे, वर पाचवा हिस्सा घालावा. शंभराचे एकशेवीस. मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला मात्र निर्गम ग्रंथात चौपट भरपाई सांगितली आहे. जक्कयने चोराचा तो दंड आपणहून स्वतःला लावून घेतला. शंभराचे चारशे. क्षमेची किंमत म्हणून नव्हे. ज्याच्या घरी प्रभू जेवायला आला, त्याची मूठ सैल झाली म्हणून.

पुन्हा त्या चेहऱ्याकडे वळा. कदाचित घरी काम करणाऱ्या मावशी असतील. ताप आला म्हणून आल्या नाहीत आणि आपण चार दिवसांचे पैसे कापले. कदाचित धाकटा भाऊ असेल, ज्याच्या वाट्याच्या जमिनीत आपला बांध हातभर सरकला. कदाचित आपल्या रागाने गप्प झालेले घरातले मूल. नेमके काय घेतले? पैसे, जागा, नाव, की कोणाचा जीव रमण्याचे ठिकाण? त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. ‘गैरसमज झाला’ म्हणू नका. ‘मी घेतले’ म्हणा.

काही देणी फिटत नाहीत. ज्यांना दुखावले ती माणसे राहिली नाहीत, किंवा दार उघडायला तयार नाहीत. त्यांच्यावर क्षमेची सक्ती करू नका. तो त्यांचा हक्क आहे. जे तुमच्याने भरून येणार नाही, ते वधस्तंभाजवळ ठेवा. मात्र जे भरून देता येते तेही तिथेच ठेवून मोकळे होऊ नका. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असे येशूनेच सांगितले आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात ते आहे.

एक दीर्घ श्वास घ्या. प्रार्थना एवढीच करा : प्रभू, तू हाक मारलीस, मी उतरतो आहे.

आता डोळे उघडा. चार दिवसांचे पैसे मोजा, पाकिटात घाला, वर पाचवा हिस्सा ठेवा. उद्या मावशी आल्या की त्यांना आधी बसायला सांगा, आणि मग बोला.