बाजूला सरकलेला मुलगा

दरवर्षी ऐन पावसाळ्यात तीन दिवस मी पहाटे साडेपाचला उठून लॅपटॉप उघडून बसतो. जपानात तेव्हा सकाळचे नऊ झालेले असतात, उन्हाळा भरात असतो आणि कुठल्यातरी गावातल्या मोठ्या क्रीडागृहात मातीचा दोह्यो रचून शाळकरी मुलांच्या सुमोचे राष्ट्रीय सामने सुरू होत असतात. इंटरहाय म्हणजे तिथल्या उच्च माध्यमिक शाळांचा देशभराचा क्रीडामहोत्सव. त्यात सुमोचा विजेता संघ ठरतो आणि वैयक्तिक विजेत्याला 'शाळकरी योकोझुना' म्हणतात. मंगोलियाहून शिकायला आलेला होशोर्यू २०१७ साली इथेच अंतिम लढत हरला होता. पुढे तो खराखुरा योकोझुना झाला. पण अशी नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची मुलं इथून घरी जातात आणि पुढे कुणी इलेक्ट्रिशियन होतं, कुणी बापाचं दुकान चालवतं.

हे वेड मला साकाईत लागलं. ओसाकाला चिकटून असलेल्या या शहरात मी सहा वर्षं नोकरी केली. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ओहामा पार्क होतं. विद्यार्थी सुमोची राष्ट्रीय स्पर्धा १९१९ साली इथेच सुरू झाली आणि तिथं सुमोचं मैदान आजही आहे. माझं बालपण कोल्हापूरकडचं. आजोबांच्या खांद्यावर बसून जत्रेतल्या कुस्त्या बघितलेल्या. त्यामुळे माती, लंगोटासारखा मावाशी, उघडी अंगं आणि कडेला ओरडणारी म्हातारी माणसं दिसली, की मी तिथं थांबणार हे ठरलेलंच होतं.

शाळकरी सुमो टीव्हीवरच्या सुमोपेक्षा बराच साधा. केसांचे बुचडे नाहीत, मीठ उधळणं नाही. भादरलेली डोकी, पांढऱ्या जाड कापडाचा मावाशी. सांघिक सामन्यात पाच विरुद्ध पाच, तीन लढती जिंकेल तो संघ पुढे. पाचव्या गड्याला 'ताइशो' म्हणतात, म्हणजे सेनापती. वजनी गट नाहीत. सत्तर-ऐंशी किलोच्या पोरासमोर दीडशे किलोचा पोरगा येऊ शकतो, आणि येतोच.

काही वर्षांपूर्वीची एक लढत माझ्या डोक्यातून जात नाही. मुलांची आणि शाळांची नावं सांगत नाही. ती मुलं अजून पंचविशीचीही नसतील. बाद फेरी होती. दोन-दोन बरोबरी, आता ताइशो. एका बाजूला अवाढव्य मुलगा, आधीच्या सगळ्या लढती समोरच्याला छातीवर घेऊन रेटत जिंकलेला. दुसऱ्या बाजूला त्याच्या जेमतेम निम्म्या वजनाचा मुलगा, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. दोघांनी मुठी मातीला टेकवल्या. पंचाची हाक आली. मोठा उसळला, धाकटा डावीकडे सरकला आणि जाता जाता त्याच्या मानेवर एक थाप मारली. मोठा मुलगा दोन्ही तळवे मातीवर टेकून पालथा. सगळं मिळून एक सेकंद.

प्रेक्षकांतून आवाज आला. टाळ्यांचा नाही आणि हुर्योचाही नाही. दूध उतू गेल्यावर घरात निघतो तसा.

सुमोत याला हेन्का म्हणतात. आरंभीच्या धडकेला, ताचिआईला, समोर न जाता बाजूला सरकणं. त्याला पूर्ण परवानगी आहे. अधिकृत निकालात त्याची नोंदसुद्धा होत नाही. तिथं फक्त डावाचं नाव येतं, 'हाताकिकोमी', थाप मारून खाली पाडणं. तोच डाव दोन मिनिटांच्या झटापटीनंतर टाकला असता तरी कागदावर हेच नाव आलं असतं. पण बघणाऱ्या प्रत्येकाला फरक कळतो, आणि बहुतेकांचं तोंड कडू होतं.

जिंकलेल्या मुलानं काहीच केलं नाही. सुमोत विजेत्यानं आनंद दाखवायचा नसतो. हरलेल्याचा मान राखायचा, वाकायचं, उकिडवं बसून निकाल घ्यायचा आणि उतरायचं. आपल्याकडे जिंकलेला मल्ल शड्डू ठोकत मैदानाला फेरी मारतो, लोक त्याच्या हातात नोटा कोंबतात. ते बघत वाढलेल्या मला हा संयम नेहमी थोर वाटत आला आहे. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याची एक अडचण लक्षात आली. अभिमानानं जिंकलेल्याचा आणि शरमून जिंकलेल्याचा चेहरा तिथं एकसारखाच दिसतो.

माझी मुलगी तेव्हा नववीत होती आणि शाळेच्या संघातून कबड्डी खेळायची. ती दूध पीत मागे उभी होती. मी "छ्या!" म्हटलेलं तिनं ऐकलं.

"काय झालं? नियमात नाही का?"

"नियमात आहे गं."

"मग? मी चढाईला जाते तेव्हा काय सांगून जाते का कुठला पाय टाकणार ते? चकवणं हाच तर खेळ आहे बाबा."

मला उत्तर सुचलं नाही. म्हणजे सुचलं, पण दुपारी, ऑफिसात. ते उत्तर असं. व्यावसायिक सुमोत लढत पंच सुरू करत नाही, दोघे मल्ल आपणहून सुरू करतात. एकमेकांकडे बघत, श्वास जुळवत, दोघांचे हात मातीला टेकले की उठायचं. ती सुरुवात म्हणजे दोघांमधला न बोललेला करार असतो. चढाई करणारीला बचावपटूंनी असा कसलाच शब्द दिलेला नसतो. हेन्का हा डाव खरा, पण तो करारावरच टाकलेला. मातीतल्या कुस्तीत आधी सलामी झडते. सलामीला पुढे आलेला हातच कुणी ओढून डाव टाकला तर मैदान त्याला काय म्हणेल, हे मला सातवीतच माहीत होतं. चकवण्यात काही वाईट नाही. विश्वासानं पुढे आलेल्याला त्या विश्वासातच चकवणं वाईट.

उत्तर मला इतकं आवडलं की मी ते रात्री जेवताना मांडलं. आणि मांडता मांडताच ते कोसळलं. कारण हौशी सुमोत, म्हणजे शाळकरी सुमोतही, ही पद्धत नाही. तिथं पंच दोघांना हात टेकायला लावतो, स्थिर करतो आणि "हाक्केयोई!" अशी हाक देऊन लढत सुरू करतो. करार नाही, श्वास जुळवणं नाही. धावण्याच्या शर्यतीतल्या पिस्तुलासारखंच ते. त्या मुलानं समोरच्याला कसलाही शब्द दिला नव्हता. मग त्यानं मोडलं काय?

महाभारतात आधार शोधायची आपल्याला खोड असते म्हणून भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध आठवून पाहिलं. उपयोग नाही. मांडीवर गदा मारून भीमानं नियमच मोडला होता, बलरामाला नांगर उचलायला कारण होतं. या क्रीडागृहात बलराम आला असता तर नियमावली चाळून गुपचूप खाली बसला असता.

प्रेक्षकांच्या नाराजीवर भिस्त ठेवावी, तर तिच्याइतकी बेभरवशाची गोष्ट नाही. २०१६च्या मार्चमध्ये ओसाकात शेवटच्या दिवशी हाकुहोनं हारुमाफुजीला हेन्का देऊन आपली ३६वी स्पर्धा जिंकली. लोकांनी इतका धिक्कार केला की मुलाखतीत हा महाबली रडला. ते एक वेळ समजू शकतं. योकोझुनाकडून शालीनतेची अपेक्षा असते आणि जो सर्वांत बलवान त्यानं सोपी वाट घेऊ नये, हे न्यायाचंच आहे. पण बरोबर एका वर्षानं, त्याच शहरात, चौदाव्या दिवशी तेरुनोफुजीनं कोतोशोगिकुला हेन्का दिला. कोतोशोगिकु लोकांचा लाडका. त्या पराभवानं त्याची ओझेकी पदावर परतण्याची संधी गेली. तेरुनोफुजी, तोत्तोरीतल्या शाळेतून पुढे आलेला मंगोलियन मल्ल, स्वतः गुडघ्यानं अधू झालेला. त्याला प्रेक्षकांतून "मंगोलियाला परत जा" हे ऐकावं लागलं. दुसऱ्याच दिवशी अंतिम लढतीत त्याच्यासमोर किसेनोसातो होता, एकोणीस वर्षांनी झालेला पहिला जपानी वंशाचा योकोझुना, खांदा जायबंदी. धडकेलाच बाजूला सरकण्याची वाट त्यानंही घेतली. तो जिंकला, मग बरोबरी फोडण्याची लढतही जिंकला, आणि सभागृह आनंदानं वेडं झालं. मीही झालो होतो, खोटं कशाला बोलू. आपल्या माणसाच्या हेन्काला आपण हिकमत म्हणतो.

प्रशिक्षकांचं म्हणणं वेगळं असतं. लहान वयात हेन्काची सवय लागली तर मुलगा पुढे जाणं शिकत नाही, त्याचं नुकसान त्याचंच. युक्तिवाद योग्य आहे, पण ज्याला पुढे सुमो खेळायचा आहे त्याच्यासाठी. तो पट्टेवाला मुलगा तिसऱ्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षात होता. त्या उन्हाळ्यानंतर बहुतेक मुलांचा सुमो कायमचा सुटतो. त्याचं भविष्य बिघडायला दोह्योवर त्याचं भविष्य होतंच कुठे? आणि मागे चार मित्र बसले होते. त्यांतल्या दोघांनी घाम गाळून आपापल्या लढती जिंकून ठेवल्या होत्या.

इथवर हिशोब केला तर त्या मुलाच्या नावावर काहीच निघत नाही. तरीही माझं "छ्या" मला मागे घेता येईना.

साकाईत आमच्या गल्लीत ओकोनोमियाकीचं एक दुकान होतं. ओकोनोमियाकी म्हणजे कोबी घातलेलं जाडसर धिरडंच म्हणा. मालक सत्तरीपुढचे. तिकडे अशा दुकानाच्या मालकालाही 'ताइशो'च म्हणतात, आणि हे शाळेत असताना खरोखरच संघाचे ताइशो होते. एका रात्री गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्यांनी आपली शेवटची लढत सांगितली. समोरचा सरकला, हे पालथे पडले.

"त्याचा चेहरा मला आठवत नाही," ते म्हणाले. "कारण मी तो पाहिलाच नाही. मान वर केली तेव्हा संपलं होतं."

"राग आला असेल ना, ताइशो?"

"तेव्हा आला. आता नाही. त्याच्याही मागे चौघं होते." त्यांनी तवा खरवडला. "पण मी हरलो असतो की जिंकलो असतो, ते मला कळलं नाही. ते अजून कळलेलं नाही."

त्यांना पदकाचं दुःख नव्हतं. तीन वर्षं रोज अंगाला माती लावून त्यांनी स्वतःविषयी एक प्रश्न तयार केला होता आणि त्याचं उत्तर फक्त समोरचा मुलगाच देऊ शकत होता. तो उत्तर न देता निघून गेला. उत्तर देणं त्याला बंधनकारक नव्हतं, कुठल्याच नियमानं.

हे ऐकून मी तव्याकडे बघत बसलो, त्याला एक कारण होतं. साकाईची ती नोकरी मला कशी मिळाली, ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. जपानला जाण्यासाठी इच्छुकांनी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मेल करायचा होता. माझ्या शेजारी बसणारा सहकारी माझ्याहून दोन वर्षं सीनियर, जपानी माझ्याहून चांगलं, आणि जायची इच्छा त्यानं मला अनेकदा बोलून दाखवलेली. त्या आठवड्यात आई आजारी म्हणून तो गावी होता, रेंज येत-जात असणाऱ्या ठिकाणी. ऑफिसचा मेल त्यानं पाहिला नसणार, हे मला माहीत होतं. एक फोन करायचा होता. शुक्रवारी दुपारी मी तो करणार होतो, मग संध्याकाळी करणार होतो. मेल मात्र मी गुरुवारीच पाठवला होता. सोमवारी तो आला तेव्हा माझं अभिनंदन करणारा तोच पहिला. त्यानं मला कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर "नियमात होतं" एवढंच मला म्हणता आलं असतं, आणि ते खरंच होतं.

आम्हा दोघांची नावं समोर असती तर कोण गेलं असतं? त्याला ते कळलं नाही, यात अन्याय आहे असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. मलाही ते कळलेलं नाही, हे त्या तव्यासमोर बसेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दोष नसताना देणं असू शकतं का, असा हा प्रश्न आहे, आणि माझं मत असू शकतं असं आहे. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या प्रशिक्षकानं त्याला झापलं असेल तर तेही मला पटणार नाही. पण लढतीनंतर कॅमेरा क्षणभर संघाच्या बाकाकडे वळला तेव्हा चौघं मित्र त्याच्या पाठीवर थापा मारत होते आणि हा टॉवेल तोंडावर दाबून बसला होता. समालोचक म्हणाला, आनंदाश्रू. असतीलही. नसले, तर 'वेड्या, तू काही चुकीचं केलं नाहीस' असं त्याला समजावणाऱ्याच्या बाजूला मी उभा राहणार नाही. चुकीचं काही केलं नव्हतं हे त्यालाही ठाऊक असणार. माझ्यातला आणि त्याच्यातला फरक इतकाच, की त्याला टॉवेल एका मिनिटात लागला.

मुलीनं ही लढत त्यानंतर दोन-तीनदा पाहिली. तिला त्या मुलाविषयी कुतूहल वाटत होतं, माझ्या व्याख्यानाविषयी फारसं नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. तिनं आधीच्या दिवसाचं चित्रण शोधून काढलं होतं, वैयक्तिक सामन्यांचं. तोच पट्टेवाला मुलगा, समोर दुसराच कुणी धिप्पाड. हाक झाली आणि हा सरळ गेला, मान खाली घालून थेट छातीत. पाय मातीत रोवायचा प्रयत्न केला, एक गुडघा वळला, आणि तीन सेकंदांत तो दोह्योच्या बाहेर, कडेला बसलेल्या पंचांच्या पायाशी. उठला, वर आला, वाकला.

"काल सरळ गेला होता बघा," ती म्हणाली, आणि पुन्हा लावलं.