खांबाचा खड्डा आणि कृतीची मोजदाद

कुंपणाचा किंवा मांडवाचा खांब रोवण्यासाठी जमिनीत गोल खड्डा पाडणाऱ्या इंजिनाच्या यंत्राला बाजारात ‘अर्थ ऑगर’ म्हणतात. शेतकरी त्याला सरळ खड्डे काढायचे मशीन म्हणतो. हातात धरायच्या प्रकारात वर पेट्रोलचे टू-स्ट्रोक इंजिन असते, बहुधा ५२ ते ६८ सीसीचे. त्याखाली क्लच आणि गिअरबॉक्स, आणि त्यांना जोडलेली, भोवती पोलादी पाते गुंडाळलेली उभी दांडी. इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेते. गिअरबॉक्स ते काही शेकड्यांवर आणतो आणि वेग घटवून जोर वाढवतो. टोक जमिनीत शिरले की सुटलेली माती पात्यावरून चढत वर येते व तोंडाभोवती साचते. मऊ जमिनीत सहा-आठ इंच रुंद आणि अडीच-तीन फूट खोल खड्डा मिनिट-दोन मिनिटांत तयार होतो. ट्रॅक्टरमागे जोडायचे मोठे मशीन पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्याच्या, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालते आणि ते माणसाला हाताने धरावेही लागत नाही. द्राक्षबागेतले खांब, डाळिंबाची लागवड, तारेचे कुंपण, रस्त्याकडेची झाडे अशी कामे आता याच्यावर होतात.

हाच खड्डा पूर्वी पहारीने होई. पहार उचलायची, आपटायची, सुटलेली माती फावड्याने ओढायची. खड्डा खोल गेला की फावडे आत वळत नाही, म्हणून उकिडवे बसून हाताने किंवा करवंटीने माती काढायची. प्रत्येक घाव वेगळा, आणि दोन घावांमध्ये खड्ड्यात डोकावण्यापुरता अवकाश. धर्मविचाराच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही. जमीन खोदणे हे निव्वळ कारागिरीचे काम आहे असे भारतातल्या कोणत्याच जुन्या परंपरेने मानलेले नाही, आणि त्या कृतीचा दोष ठरवताना घाव, हुकूम आणि हेतू या तीन गोष्टी तपासल्या गेल्या. मशीनने यांतला घाव काढून टाकला आहे. तेव्हा कृती एकदा घडली की हजार वेळा, आणि ती कोणाची, हे प्रश्न नव्याने उभे राहतात.

वैदिक परंपरेत खांबाचा खड्डा थेट यज्ञविधीचा भाग आहे. पशुयागातला यूप, म्हणजे पशू बांधायचा खांब, ज्या खड्ड्यात उभा करायचा, त्याचे खोदकाम शतपथ ब्राह्मणाच्या तिसऱ्या कांडात सविस्तर येते. खड्डा अर्धा वेदीच्या आत आणि अर्धा बाहेर, तो अभ्रीने म्हणजे खणायच्या हत्याराने खणायचा, मग जव घातलेले पाणी त्यात शिंपायचे. कारण असे दिले आहे की खणलेला खड्डा पितरांचा असतो, आणि खोदताना पृथ्वीला जी इजा झाली ती पाण्याने शांत होते. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातले पृथ्वीसूक्तही हाच संकोच बोलून दाखवते: खोदलेले लवकर भरून यावे आणि भूमीच्या मर्माला धक्का लागू नये, असे त्यातले मागणे आहे. इथे खोदणे निषिद्ध नाही. त्याची भरपाई करायची आहे. लग्नाच्या मांडवाची मुहूर्तमेढ किंवा घराच्या पायाभरणीआधीची भूमिपूजा यांत या वृत्तीचा अंश आजही दिसतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातला सूर मात्र कडक आहे. लोखंडी तोंडाचे लाकूड भूमीला आणि तिच्यातल्या जीवांना मारते म्हणून शेती सज्जनांनी निंदिली आहे, असे तिथे म्हटले आहे. ब्राह्मणाने शक्यतो शेती टाळावी, असा याचा रोख. धान्य तर सगळ्यांनाच हवे होते. म्हणजे ती इजा दुसऱ्या कोणी करावी, एवढेच यातून ठरते.

जैन विचाराने हा प्रश्न अधिक खोलवर नेला. त्याच्या मते मातीत केवळ जीव राहतात असे नव्हे, माती स्वतःच एकेंद्रिय जीवांचे शरीर आहे. त्यांना पृथ्वीकाय म्हणतात. आचारांगसूत्राचे पहिलेच अध्ययन शस्त्रांची ओळख करून देणारे आहे आणि तिथे शस्त्र म्हणजे तलवार नव्हे. ज्या कशाने जीवाला इजा होते ते शस्त्र. या व्याख्येत कुदळ बसते आणि ऑगरही बसतो. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांच्या म्हणजे कर्मादानांच्या यादीत जमीन फोडण्याचा धंदा आहे आणि यंत्राने पिळण्याचा धंदाही आहे.

ही यादी ज्या उपासकदशा ग्रंथात येते, त्याच ग्रंथातला आदर्श श्रावक आनंद आपल्या परिग्रहाची मर्यादा ५०० नांगरांवर ठरवतो, ही गोष्ट विसरून चालणार नाही. दिगंबर परंपरेतही नवव्या शतकातल्या जिनसेनांच्या आदिपुराणात ऋषभदेव लोकांना जी सहा कर्मे शिकवतात, त्यांत असि, मसि यांच्या जोडीला कृषी आहे. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव भागातला जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या शेतीत आहे, तो या परंपरेच्या विरोधात जाऊन नव्हे. गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार केले गेले. ठरवून केलेली हिंसा पूर्ण वर्ज्य. घरकामात आणि उपजीविकेत अटळपणे होणारी शक्य तितकी कमी करायची.

‘कमी’ कशाने मोजायचे? तत्त्वार्थसूत्राची हिंसेची व्याख्या इथे उपयोगी पडते. प्रमादाने, म्हणजे बेसावधपणे वागून प्राणांचा घात होणे म्हणजे हिंसा. मेलेल्या जीवांच्या संख्येबरोबर मन कुठे होते याचीही मोजदाद होते. साधूने चालताना चार हात पुढची जमीन पाहत पाऊल टाकावे, हा ईर्यासमितीचा नियम याच विचारातून आला. पाऊल आणि पाऊल यांच्यामध्ये पाहण्याची जागा आहे म्हणून तो पाळता येतो. पहारीच्या दोन घावांमध्येही अशी जागा होती. गांडूळ दिसले तर ते बाजूला काढता येई. फिरत्या पात्यात ती नाही. माती वर येते तेव्हा तिच्यात जे काही होते त्याचे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

बौद्ध विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, या मुद्द्याची चर्चा सर्वांत काटेकोर आहे, आणि तिच्यात खांबाचा खड्डा नावानिशी येतो. भिक्खूने जमीन खणली किंवा खणवली तर पाचित्तिय, म्हणजे कबुली देऊन फिटणारा, दोष लागतो. त्या वर्गातला हा दहावा नियम. आळवी इथल्या भिक्खूंनी विहाराच्या बांधकामासाठी जमीन खणली, तिच्यात जीव मानणाऱ्या लोकांनी नाके मुरडली, आणि त्यावरून नियम झाला, अशी त्याची मूळकथा आहे. पुढे जमिनीचे दोन प्रकार केले आहेत. निव्वळ मातीची किंवा जिच्यात दगडगोटे कमी आहेत ती ‘जात’ म्हणजे सजीव जमीन. मुख्यतः खडक, मुरूम, खापऱ्या, वाळू असलेली किंवा भाजलेली ‘अजात’. मातीच्या ढिगावर चार महिन्यांहून अधिक पाऊस पडला तर तोही पुन्हा जात होतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानाला पहिली व्याख्या लागू पडते. मुरमाड माळाला दुसरी. ऑगरचे दातही माळावरच लवकर बोथटतात.

मोजणीचा नियम याहून लक्षणीय आहे. भिक्खू स्वतः खणत असेल तर अट्ठकथा म्हणजे विनयावरची टीका प्रत्येक घावाला एक दोष मोजते. दुसऱ्याला एकदाच सांगितले आणि त्याने कितीही खणले, तर दोष एकच. तेव्हा मोजले जाते ते कर्त्याचे प्रयत्न, विस्कटलेल्या मातीचे माप नव्हे. या न्यायाने ऑगर कुठे बसतो? चालवणारा स्वतः खणत आहे हे उघड आहे. पण घाव नाहीत, ट्रिगर एकदा दाबणे आहे. ते दाबणे घावापेक्षा हुकमाच्या जवळचे आहे. एक आज्ञा, आणि तिच्या पोटात वाटेल तेवढे काम. विनयाच्या चौकटीत पाहिले तर मशीनने दिवसभर शंभर खड्डे पाडणाऱ्याच्या नावावर पहारीने एक खड्डा खणणाऱ्यापेक्षा कमी दोष जमा होण्याची शक्यता आहे. हा निष्कर्ष विचित्र वाटतो. पण विचित्रपणा नियमाचा नाही, एककाचा आहे. एक घाव म्हणजे एक निश्चय, हे गृहीत ज्या हत्यारांवर बेतले होते ती हत्यारेच बदलली.

त्याच नियमात एक पळवाटही मान्य आहे. भिक्खूने ‘खण’ म्हणू नये. ‘हे जाण’, ‘हे हवे आहे’, ‘हे आण’ असे म्हटले तर दोष नाही. बुद्धघोषांच्या समन्तपासादिका या विनयटीकेत याचे उदाहरण देताना ‘या खांबाचा खड्डा काय तो जाण’ अशा अर्थाचे वाक्य येते. विहाराला खांब हवेत, खांबाला खड्डा हवा, आणि खणणारा हात आपला नको, अशी ही भाषा. तिला केवळ ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. आज्ञा न देता गरज सांगितली तर ऐकणाऱ्याला नकाराची वाट राहते आणि कृती त्याच्या निवडीची होते. मशीनपुढे मात्र ही भाषा बोलता येत नाही. त्याला फक्त हुकूम कळतो.

यहुदी धर्मशास्त्राने हेतूवर अधिक भर दिला. शब्बाथला वर्ज्य असलेल्या ३९ कामांत नांगरणी आहे, आणि तालमूदच्या शब्बाथ या ग्रंथात खणणे, चर काढणे व नांगरणे हे एकच काम धरले आहे. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाला ‘शनिवार तेली’ हे नाव पडले ते शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे. पण तीच चर्चा पुढे सांगते की घरात खड्डा केला तर ते बांधकाम, शेतात केला तर नांगरणी; आणि खड्डा नको असून फक्त त्यातली माती हवी असेल तर खणणारा त्या दोषातून सुटतो. मातीतले भोक तेच, हालचालही तीच, तरी कृती तीन. या दृष्टीने पाहिले तर ऑगरने प्रश्नात काहीच भर घातलेली नाही, कारण हेतू घावांत वाटला जात नाही. शंभर खड्ड्यांमागेही कुंपण हा हेतू एकच असतो.

यंत्रावरचा सर्वांत प्रसिद्ध जुना आक्षेप चीनमधला आहे. च्वांगत्सच्या ग्रंथात कन्फ्यूशियसचा शिष्य त्सकुंग एका म्हाताऱ्या माळ्याला घागरीने वाफे शिंपताना पाहतो आणि दिवसाला शंभर वाफे भिजवणाऱ्या ओकतीसारख्या यंत्राबद्दल सांगतो. म्हाताऱ्याला ते यंत्र ठाऊक असते, पण वापरायची लाज वाटते. यंत्रामागून यंत्राचे व्यवहार येतात आणि त्यामागून यंत्राचे मन, असे त्याचे म्हणणे. हा आक्षेप सुंदर आहे, पण तो माळी स्वतःच्या वाफ्यापुरता बोलतो आहे. ज्याला दुसऱ्याच्या शेतात मजुरीने खड्डे खणावे लागतात त्याच्या मनाची चौकशी त्यात नाही.

ती चौकशी महाराष्ट्रात टाळता येत नाही. दगडमातीचे जड काम इथे पिढ्यान्‌पिढ्या वडारांसारख्या समाजांच्या आणि भूमिहीन मजुरांच्या अंगावर पडले. खोदण्याचा दोष मानणारे आणि प्रत्यक्ष खोदणारे पुष्कळदा वेगळे होते. जैन विचार कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे केलेले, करवलेले आणि मान्य केलेले, या तिन्हींना दोष धरतो. तरी करवलेल्याची टोचणी केलेल्याइतकी लागत नाही, हा सगळीकडचा अनुभव. या ठिकाणी मशीनच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. छोटा बागायतदार आता ऑगर विकत घेतो किंवा भाड्याने आणतो आणि स्वतः धरतो. जे करवले जात होते ते पुन्हा केलेले झाले. त्याच्या मनगटांना इंजिनाची थरथर कळते. मुळीत किंवा दगडात टोक अडकले की दांडी थांबते आणि हँडल उलट फिरून माणसाला फेकू पाहते. ट्रिगर सोडला की क्लच सुटतो आणि पाते थांबते, म्हणून त्याचे सगळे लक्ष त्या बोटात असते. सावधपणा गेला असे म्हणता येत नाही. तो मातीतल्या जीवावरून स्वतःच्या अंगावर आला आहे, आणि प्रमादाच्या व्याख्येला या दोहोंतला फरक महत्त्वाचा वाटला असता.

मशीनने मात्र कृतीचा शेवट लांबवला आहे. पहारीच्या कामात खड्डा झाला की बहुधा लगेच खांब उभा राही, कारण दिवसाला मोजकेच खड्डे होत. मशीन भाड्याने आणले की सगळे खड्डे एका दिवसात उरकतात आणि खांब, सिमेंट, रोपे मागाहून येतात. तोवर ते उघडे पडतात. अरुंद, खोल आणि उभ्या भिंतींच्या या खड्ड्यांतून बेडकाला वर चढता येत नाही. ओल्या काळ्या जमिनीत तर पात्याने भिंती घोटून गुळगुळीत झालेल्या असतात. गाईगुरांचा आणि लहान मुलांचा पाय त्यात जातो. या उघड्या खड्ड्याची जबाबदारी सर्वांत स्पष्ट शब्दांत बायबलच्या निर्गम ग्रंथाने सांगितली आहे: खड्डा खणून जो झाकत नाही, त्याने त्यात पडलेल्या बैलाची किंवा गाढवाची भरपाई करावी. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाच्या बाबा कम्मा या भागात नुकसानीच्या चार मूळ प्रकारांत खड्डा हा एक आहे. तिथे दहा मुठींच्या रुंदीइतकी खोली ही जीवघेण्या खड्ड्याची सीमा धरली आहे. त्याहून उथळ खड्ड्यात जनावर मेले तर खणणारा सुटतो, जखमी झाले तर सुटत नाही. दहा मुठींची ती खोली ऑगरच्या नेहमीच्या खड्ड्याच्या जवळपास येते. भारतात पडीक बोअरवेलमध्ये मुले पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये जे निर्देश दिले, त्यांतही तोंड झाकणे आणि वापरात नसलेली विंधनविहीर तळापासून वरपर्यंत भरणे हेच मुख्य आहे. घाव मोजणाऱ्या शास्त्रांना मशीनपुढे अडचण येते. खड्डा मोजणाऱ्या या नियमांना येत नाही, कारण तो कशाने खणला हे ते विचारतच नाहीत.