कातरलेलें नाणें

जुनीं नाणीं जमविण्याचा छंद निरुपद्रवी समजला जातो, आणि बहुतांशीं तो तसा आहेही. परंतु केव्हां केव्हां असा एखादा तुकडा हातीं येतो कीं, त्याची किंमत ठरवितांना नीतीचा प्रश्न टाळतां येत नाहीं. आमच्या पेटींत इंग्लंडांतील दोन चांदीचीं नाणीं आहेत, दोन्ही हातोड्यानें पाडलेलीं. एक आठव्या हेन्रीच्या अखेरच्या वर्षांतील ग्रोट, म्हणजे चार पेन्सांचें नाणें. दुसरें एलिझाबेथ राणीचा शिलिंग. शिलिंगाची कड कोणीतरी कातरून नेली आहे.

त्या काळीं खालचा ठसा ओंडक्यांत रोवलेला असे. त्यावर चांदीची चकती ठेवावी, वरचा ठसा हातांत धरावा आणि हातोडा हाणावा. असें नाणें पुरतें गोल क्वचितच येई. म्हणून कडेची कपची गेली तरी ती चटकन लक्षांत येत नसे. मूळचा शिलिंग सहा ग्रॅमांहून थोडा जड. आमचा जेमतेम साडेचार भरतो. या कृत्यास कायदा राजद्रोह म्हणे. पुरुषास फांशी, आणि स्त्रीस खांबास बांधून जाळणें!

आतां ग्रोट पाहा. कड शाबूत. परंतु ज्या नाण्यांत पूर्वी शेंकडा ९२.५ भाग चांदी असे, त्यांत १५४६ पर्यंत एक तृतीयांशच उरली, बाकीचें तांबें. युद्धाच्या खर्चासाठीं राजानें हें हीण मिसळलें. वरची चांदी झिजली कीं प्रथम राजाचें नाक लाल दिसूं लागे, आणि प्रजा त्यास ‘तांबडनाक्या’ म्हणे. याबद्दल खटला कोणावर भरावयाचा?

राजास टांकसाळीचा अधिकार होता, कातरणाऱ्यास नव्हता, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. शिलिंगाची चोरी निदान तराजूंत सांपडते. घेणारा बट्टा कापून घेईल. हेन्रीची चोरी नाण्याच्या पोटांत होती, आणि तिला जामीन खुद्द राजाचा मुखवटा होता.

मग कातरणारा निर्दोष ठरतो काय? मुळींच नाहीं. नाणें ज्या शेवटच्या हातीं राहिलें त्याचें त्यानें नुकसान केलें. तो हात १६९६ सालीं दिसून आला. जुनें नाणें मोडून नवें पाडण्याचें पार्लमेंटानें ठरविलें. न्यूटन त्याच वर्षीं टांकसाळीवर आला. कातरलेलें नाणें दर्शनी किंमतीनें करांत भरण्यास ४ मे ही मुदत होती. मोठा कर देणाऱ्यानें आपली रास सरकारांत लोटली. मजुरापाशीं कर भरण्याजोगें काय होतें? त्याचे चार शिलिंग वजनावर आले. तूट भरण्यास पुढें घरांच्या खिडक्यांवर कर बसला.

आणि आम्ही? ग्रोटास आम्हीं पुरी किंमत दिली. शिलिंग कातरलेला म्हणून अर्ध्याहून कमी किंमतींत घेतला व मनांतून खूष झालों. छंदी मंडळींत हाच न्याय चालतो: राजाचें हीण अभ्यासाचा विषय, प्रजेची कातर म्हणजे दोष. कित्येक वर्षें तो शिलिंग खालच्या कप्प्यांत होता. पाहुण्यास आम्ही तो दाखवीत नसूं. गेल्या दिवाळींत पेटी पुसतांना तो वर काढून ग्रोटाशेजारीं ठेवला. राणीचा चेहरा शाबूत आहे. सभोंवतीं तिचें नांव होतें, तें मात्र कडेबरोबर गेलें. अक्षरांचे नुसते पाय उरले आहेत.