तळे आपले, तळ्यावर येणारे कोणाचे?

आपण आपल्या शेतात स्वकष्टाने तळे खोदले, पावसाने ते भरले आणि वर्षभरात न बोलावलेले कितीतरी जीव त्याच्या काठी वस्तीला आले, तर त्या जिवांवर मालकी कोणाची? प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली आणि महाराष्ट्रात खासगी तळी गावोगाव दिसू लागली. त्यामुळे हा प्रश्न आता ग्रंथांपुरता राहिलेला नाही. तो आपल्या बांधावर येऊन उभा आहे.

नव्या मातीच्या तळ्यावर जीव कसे येतात, ते आधी पाहू. चतुर आणि पाणकिडे उडत येतात. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशावरून त्यांना पाण्याचा ठाव लागतो. मग बेडूक येतात. त्यांच्या मागोमाग वंचक, खंड्या, टिबुकली हे पक्षी येतात. पाणकणसाचे म्हातारीसारखे बी वाऱ्यावर तरंगत येऊन ओल्या काठावर रुजते. इतर अनेक रानफुलांच्या बिया पाणपक्ष्यांच्या पायांना चिकटलेल्या चिखलातून आणि त्यांच्या विष्ठेतून प्रवास करतात. चार्ल्स डार्विन यांनी एका लहान तळ्याच्या काठचा अवघा तीन मोठे चमचे चिखल सहा महिने झाकून ठेवला होता. त्यातून ५३७ रोपे उगवल्याची नोंद त्यांच्या १८५९ च्या ग्रंथात आहे. आपण केला तो खड्डा. त्यात जे आले, ते आपण पेरले नव्हते. सूरह अल-वाकिआ माणसाला पेरणी आणि पाऊस या दोहोंविषयी विचारते, की हे घडवणारा खरोखर तू आहेस काय?

इस्लामी विधिशास्त्राने या प्रश्नाचा फार पूर्वी विचार केला आहे. सहाव्या हिजरी शतकातील इमाम मरगीनानी यांच्या ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात असे म्हटले आहे, की एखाद्याच्या जमिनीत पक्ष्याने पिल्ले काढली किंवा हरणाने आसरा घेतला, तर केवळ जमीन त्याची म्हणून तो त्या जिवांचा मालक ठरत नाही. त्यांना पकडण्यासाठी त्याने मुद्दाम तशी सोय केली असेल तर गोष्ट वेगळी. पाण्याबाबतही तेच. घागरीत भरलेले पाणी भरणाऱ्याचे. पण विहिरीतल्या वा तळ्यातल्या पाण्यावर तहानलेल्या माणसाचा आणि जनावराचा पिण्याचा हक्क शिल्लक राहतो.

यावर कोणी म्हणेल, ‘हे जीव माझे नाहीत, तर त्यांची जबाबदारी तरी माझी कशी?’ इथेच आपली खरी परीक्षा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका स्त्रीची हकिगत सांगितली आहे. तिने मांजर कोंडून ठेवले, त्याला खायला दिले नाही, आणि बाहेर जाऊन जमिनीवरचे किडे-उंदीर खाण्याची मोकळीकही दिली नाही. मांजर मेले आणि ती स्त्री शिक्षेस पात्र ठरली. तिने त्याला मारहाण केल्याचा उल्लेख त्या हदीसमध्ये नाही. तिने त्याची वाट बंद केली, एवढेच तिच्या विनाशाला पुरले.

आता प्लॅस्टिकचे अस्तर लावलेले तळे डोळ्यांसमोर आणा. उन्हाळ्यात तहानलेले जनावर उतारावरून खाली येते. परतताना त्याचे पाय निसरड्या कागदावर ठरत नाहीत. अशा तळ्यांत जनावरे बुडाली आहेत, लहान मुलेही बुडाली आहेत. त्याला पाण्यापर्यंत तहानेने आणले, पण परतीची वाट आपल्या अस्तराने बंद केली. ‘मी कोणालाही मारले नाही’ हे उत्तर तिथे पुरेल काय?

शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. कर्ज काढून सोडलेली मत्स्यबीजे पाणकावळा गट्ट करतो, तेव्हा त्याच्या पोटावर पाय येतो. राखण करणे हा त्याचा हक्क आहे. पाण्यात विष कालवणे हा कोणाचाच हक्क नाही. आणि मुसलमानाने लावलेल्या पिकातून पक्ष्याने खाल्ले, तर ते त्याच्या नावे सदका म्हणून लिहिले जाते, हा दिलासा हदीसने दिला आहेच. आलेले सारेच राहू द्यावे, असेही नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी पाणी झाकून टाकते आणि खालच्या जिवांचा श्वास कोंडते. ती उपटून काढणे हीसुद्धा अमानतीची राखण आहे.

शेजाऱ्याचा विचारही यातच येतो. बोअरवेलचे पाणी उपसून भर उन्हाळ्यात तळे भरले, त्यावर बगळे उतरले, पण पलीकडच्या विहिरीचा तळ दिसू लागला, तर त्या शोभेचे मोल कोणी चुकवले? गरजेपेक्षा अधिकचे पाणी अडवून चाऱ्यापासून इतरांना वंचित करू नये, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

म्हणून, वाचकहो, तळे मातीचे असेल तर त्याची एक बाजू उथळ ठेवा आणि तिथला लव्हाळा कापू नका. अस्तराचे असेल तर भोवती पक्के कुंपण घाला, काठाला घट्ट बांधलेले दोराचे जाळे पाण्यात सोडा आणि कुंपणाबाहेर पाण्याचे एक कुंड ठेवा. खर्च फार नाही. आपल्या दारी आलेल्या मुक्या जिवाची परतीची वाट उघडी ठेवण्याची तौफीक अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.