हाडकावरचा आळ

सकाळी जाग आली की पहिला विचार चहाचा यावा. पण चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी बायांना आधी विचार येतो तो पाय खाली टेकवण्याचा. टाचेच्या तळाशी, किंचित आतल्या बाजूला अशी कळ उठते की पलंगाची कड धरावी लागते. दहा-वीस पावलं लंगडत टाकली की दुखणं निवतं. अंगण झाडून होईस्तोवर त्याचा विसरही पडतो. दुपारी जेवून उठलं की पुन्हा तेच.

कापसाच्या हंगामात यवतमाळच्या कुठल्याही हाडांच्या दवाखान्याबाहेर थोडा वेळ बसलं, तर असं काहीबाही कानावर पडतं :

“टाच टेकूच देत नाई वो माय.”

“एक्सरे काढला काय?”

“काढला ना. हाडूक वाढलं म्हणते.”

त्या हाडकावर बहुतेक वेळा उगाच आळ येतो. टाचेच्या हाडाला पुढे आलेलं ते बारीक टोक ज्यांची टाच जन्मात दुखली नाही, अशांच्याही एक्सरेत दिसतं. दुखणं बरं झालं तरी ते जागच्या जागीच असतं. खरं दुखणं सहसा असतं ते टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेल्या जाड पट्ट्याचं. डॉक्टर त्याला प्लँटर फॅशिया म्हणतात. पायाची कमान तोच तोलून धरतो. झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, त्यामुळे तो आखडतो. आणि सकाळी त्याच्यावर एकदम सगळ्या अंगाचा भार येतो. रात्रभर वाळून ताठ झालेल्या कासऱ्याला झटका द्यावा, तसं.

हा पट्टा दुखावतो कसा, हे पाहायला वेचणीच्या वावरात जावं. दसरा-दिवाळीला सुरू झालेली वेचणी फरदड, म्हणजे त्याच झाडांचं पुढचं पीक, घेतली तर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. मजुरी किलोवर, म्हणून कुणी टेकत नाही. कमरेला बांधलेली ओटी भरत जाते तसा अंगावरचा भार वाढतो, आणि तो सगळा टाचांवर उतरतो. खाली काळ्या मातीची वाळलेली ढेकळं, पायात झिजून कागद झालेली सपाट चप्पल. पाऊल वेडंवाकडं पडल्याने उठणाऱ्या दुखण्याला सुश्रुतसंहितेत वातकंटक म्हटलं आहे. ते वर्णन वाचताना मला हेच वावर दिसतं.

पण ज्या कधी वेचणीला जात नाहीत, त्यांचं काय? त्यांची टाच घरात दुखावते. सारवलेल्या जमिनीवर टाईल्स आल्या, चुलीपुढचं बसणं जाऊन ओट्यापुढचं उभं राहणं आलं. टाईल्स हव्यातच, धुरातून सुटकाही हवीच. पण टाच टेकवून उकिडवं बसण्यात पोटरी ताणली जायची, ते दिवसाकाठचं ताणणं आपण नकळत सोडून दिलं. आणि आखडलेली पोटरी हे या दुखण्याचं मोठं कारण आहे. त्यात वाढलेलं वजन आणि कडक फरशीवर तासन् तास अनवाणी उभं राहणं.

सगळ्याच टाचा मात्र याच कारणाने दुखत नाहीत. बरोबर टाचेच्या मध्यभागी, चालू तसं वाढणारं दुखणं बऱ्याचदा तिथली चरबीची गादी झिजल्याचं असतं. मागच्या बाजूला दुखलं तर पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या कंडरेकडे बघावं. मुंग्या आणि बधिरपणा असेल तर नस दबलेली असू शकते. खेळणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या पोराची टाच वाढीच्या वयामुळे दुखते. हिवाळ्यातल्या खोल भेगांचं दुखणं कातडीचं. आणि विशी-तिशीतल्या माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील, सकाळी कंबरही ताठत असेल, तर सांध्यांच्या डॉक्टरला दाखवावं. म्हणून दवाखान्यात “टाच दुखते” एवढंच न सांगता नेमकी कुठे आणि कधी दुखते, हेही सांगावं. एक्सरेपेक्षा त्यातून जास्त कळतं.

उपाय साधा आहे, पण वेळखाऊ. अंथरुणातच पाय लांब करून पंजाला दुपट्टा अडकवायचा आणि बोटं आपल्याकडे ओढून अर्धा मिनिट धरायची. असं चार-पाच वेळा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. घरातही मऊ तळाची चप्पल घालायची. बहुतेकांना आराम पडतो, पण काही आठवडे, कधी काही महिने जातात. साखरेचा आजार असलेल्यांनी गरम पाण्यात पाय बुडवून बसू नये. पाय बधिर असला तर भाजलेलं कळत नाही.

राहिला “आराम करा” हा सल्ला. किलोवर मजुरी असलेल्या बाईला तो देताना डॉक्टरांनाही ठाऊक असतं की ती उद्या वावरातच असणार. मात्र दुपारी बांधावर भाकर खाऊन झाली की तिला पाय लांब करून दुपट्टा पंजाला अडकवता येईल. उठायच्या आधी, उठल्यावर नाही.